खिडकीखालचा रस्ता आणि घरातल्या स्त्रीचे हृदय

या सदरात रक्तदाब, मधुमेह आणि आहार यांविषयी आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. मीठ कमी करा, तळलेले टाळा, रोज चाला, हे सल्ले आता घरोघरी पाठ झाले आहेत. या महिन्यात मात्र आम्हाला अशा एका गोष्टीविषयी लिहायचे आहे जी ताटात दिसत नाही, खिडकीतून घरात येते. रस्त्यावरच्या वाहनांचा धूर आणि त्यांचा आवाज यांचा स्त्रियांच्या हृदयविकाराशी संबंध असल्याचे गेल्या वीस वर्षांतल्या मोठमोठ्या अभ्यासांतून पुढे आले आहे. आणि आपल्या दक्षिण व मध्य मुंबईत तर रस्ता आणि बिछाना यांच्यामध्ये अनेकदा एका भिंतीचेच अंतर असते.

लालबाग-परळचा डॉ. आंबेडकर रोड पाहा. दोन्ही बाजूंना चाळी, जुन्या इमारती, मधून ट्रक, बस, टॅक्सी यांची अखंड रांग. 2011 मध्ये तिथे लालबागचा उड्डाणपूल सुरू झाला आणि वाहनांचा एक थर वरच्या मजल्यांच्या बरोबरीने धावू लागला. दादरला टीटी आणि हिंदमाता, गिरगावात ठाकूरद्वारचा नाका, सगळीकडे घरे रस्त्याला चिकटलेली. सप्टेंबर 2025 मध्ये प्रभादेवी-परळचा एल्फिन्स्टन पूल नव्या बांधकामासाठी बंद झाला, तेव्हा तिथली वाहने दादरच्या टिळक पुलाकडे आणि करी रोडकडे वळली. पूल बंद होतो, वाहने बंद होत नाहीत. ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीखालून जातात.

आणि मुहम्मद अली रोड तर आपल्या बहुतेक वाचकांच्या पायाखालचा. 2002 मध्ये तिथे जे.जे. उड्डाणपूल झाला, सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा. त्याला कुत्बे कोकण हजरत मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. भेंडी बाजार, मिनारा मशीद, पायधुनी या भागांतल्या कितीतरी घरांच्या खिडक्यांपासून पुलाचा कठडा काही फुटांवर आहे. शहराला वेग मिळाला हे खरे. अपघातांमुळे 2010 पासून पुलावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून मोटरसायकली खालून आणि गाड्या वरून, अशा दोन मजल्यांचा आवाज आणि धूर या घरांच्या वाट्याला आला.

याच शहरात पेडर रोडवर उड्डाणपूल बांधण्याचा बेत होता. रहिवाशांनी विरोध केला, त्यांत लता मंगेशकर यांच्यासारखी मोठी नावे होती. तो पूल झाला नाही. त्या रहिवाशांनी विरोध केला यात काहीच गैर नव्हते. पुलाचा आवाज घरात येऊ नये असे त्यांना वाटले, तसे ते डोंगरीतल्या किंवा लालबागच्या चाळीतल्या बाईलाही वाटणारच. तिचे म्हणणे कितपत ऐकले गेले, हा प्रश्न उरतो.

घरात सर्वांत जास्त वेळ कोण असते?

पुरुष कामाला जातो, मुले शाळेत, मदरशात किंवा कॉलेजात जातात. घरात राहते ती गृहिणी, सासू, घरी बसून शिवणकाम किंवा पॅकिंगचे काम करणारी बहीण, आणि नुकतीच बाळंत झालेली सून. ‘आमची बायको तर बाहेरच पडत नाही, तिला कसले प्रदूषण?’ असे आपण सहज म्हणून जातो. पण रस्त्याला लागून असलेल्या दीड खोलीच्या घरात चोवीसपैकी वीस तास राहणारी बाईच त्या रस्त्याची हवा सर्वांत जास्त घेते. आवाजाचेही तेच. दुकानात बसलेला माणूस संध्याकाळी शटर ओढून निघतो. तिच्या घराला शटर नाही.

अभ्यास काय सांगतात?

स्त्रियांवरच केलेले तीन मोठे अभ्यास इथे सांगण्यासारखे आहेत.

पहिला अमेरिकेतला, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला. 36 शहरी भागांतल्या, पाळी थांबलेल्या 65 हजारांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. ज्या भागात हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, म्हणजे पीएम 2.5 चे, प्रमाण दर घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमने जास्त होते, तिथे हार्ट अटॅक, लकवा यांसारख्या विकारांचा धोका 24 टक्क्यांनी आणि अशा विकारांनी मृत्यू येण्याचा धोका 76 टक्क्यांनी जास्त आढळला.

दुसराही अमेरिकेतलाच, परिचारिकांवर केलेला. एक लाखाहून अधिक परिचारिकांची 26 वर्षांची नोंद त्यात आहे. मोठ्या रस्त्यापासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदय अचानक बंद पडून मृत्यू येण्याचा धोका, 500 मीटर किंवा त्याहून दूर राहणाऱ्या स्त्रियांपेक्षा 38 टक्क्यांनी जास्त होता. पन्नास मीटर म्हणजे साधारण दीडशे पावले नव्हेत, सत्तर-पंचाहत्तर पावले. आपल्याकडे कित्येक घरांपासून रस्ता सात पावलांवरही नाही.

तिसरा डेन्मार्कचा, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला. 22,189 परिचारिका 1993 किंवा 1999 मध्ये या अभ्यासात आल्या आणि 2014 अखेरपर्यंत त्यांच्या तब्येतीची माहिती घेतली गेली. यात हवा आणि आवाज दोन्ही मोजले होते. घराजवळच्या हवेत पीएम 2.5 सुमारे 5 मायक्रोग्रॅमने जास्त, तर हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होण्याचा, धोका 17 टक्क्यांनी जास्त. रस्त्याचा आवाज सुमारे 9 डेसिबलने जास्त, तर तो धोका 12 टक्क्यांनी जास्त.

हे आकडे वाचून घाबरून जाऊ नये. 17 टक्के जास्त धोका म्हणजे शंभरातल्या 17 जणींना आजार होणार, असे नाही. हजारात वीस जणींना होणारा आजार तेवीस-चोवीस जणींना होईल, असा त्याचा अर्थ. एकटीसाठी ही वाढ लहान आहे. पण मुंबईसारख्या शहरात लाखो स्त्रिया अशा रस्त्यांवर राहतात, तेव्हा ती लहान राहत नाही. शिवाय डेन्मार्कची हवा आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. पीएम 2.5 चे वर्षाचे सरासरी प्रमाण 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. भारताची ठरवलेली मर्यादा 40 आहे.

आवाजाने हृदय कसे थकते?

धुराने अपाय होतो हे कोणालाही पटते. पीएम 2.5 चे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात, तिथे दाह निर्माण करतात, आणि त्याचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. त्या कडक होतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

आवाजाचे मात्र लोकांना लवकर पटत नाही. ‘सवय होते’ असे उत्तर मिळते. कानाला सवय होते, शरीराला होत नाही. मोठा हॉर्न वाजला की झोपेतही मेंदू धोक्याची सूचना देतो, शरीरात ताणाची रसायने सुटतात, नाडी जलद होते, रक्तदाब वर जातो. माणूस जागा होत नाही, सकाळी त्याला आठवतही नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो आणि तेवढी विश्रांती हृदयाला मिळते. रात्रभर वाहने वाजत राहिली की ही उतरण नीट होत नाही. असे वर्षानुवर्षे चालले की रक्तदाब दिवसाही चढलेला राहतो. म्हणूनच रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा सरासरी आवाज घराशी 45 डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपासाठी केली. वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला 70 ते 80 डेसिबल सहज असतात. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, यावरून अंतर लक्षात यावे.

स्त्रीच्या बाबतीत आणखी काही गोष्टी जोडल्या जातात. पाळी थांबल्यावर हृदयाला मिळणारे नैसर्गिक संरक्षण कमी होते. बाळंतपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. मधुमेहामुळे हृदयाचे होणारे नुकसान स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक दिसते. अशा बहिणीने रस्त्याकडेच्या खोलीत वीस वर्षे काढली असतील, तर तिच्या तक्रारीकडे अधिक काळजीने पाहायला हवे.

‘तिला काही नाही, टेन्शन घेते’

आमच्या मते या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट इथे आहे. जगभरात स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे आहे. तरीही बाई म्हणाली की धडधडते, झोप लागत नाही, जिना चढताना दम लागतो, तर घरातून उत्तर येते: टेन्शन घेतेस, गॅस झाला असेल, वय झाले.

छातीत दाब किंवा दुखणे हे लक्षण स्त्रियांतही असतेच. पण त्याच्यासोबत, किंवा कधी त्याच्याशिवायही, धाप लागणे, विनाकारण प्रचंड थकवा, मळमळ, घाम, जबडा, मान, पाठ किंवा खांदा दुखणे, ही लक्षणे स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. हार्ट फेल्युअरमध्ये पायांना सूज येते, आडवे झाल्यावर श्वास अडकतो, दोन-तीन उशा लागतात. अशी लक्षणे अचानक आली तर 108 वर फोन करून अँब्युलन्स बोलवावी. मध्य मुंबईतल्या लोकांना केईएम, नायर आणि जे.जे. ही मोठी रुग्णालये जवळ आहेत. ईसीजी काढायला काही मिनिटे पुरतात. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी लक्षणे चालू असतील तर रक्ताची तपासणी आणि दुसरा ईसीजी लागतो, म्हणून घाईने घरी परतू नये.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ‘घरचे पुरुष येऊ देत, मग बघू’ असे म्हणून थांबू नये. ‘संध्याकाळी ते आले की विचारते’ म्हणणाऱ्या बहिणीने विचारण्यात जी वेळ जाते, त्या वेळेत हृदयाचा स्नायू मरत असतो. जीव वाचवणे ही शरीअतच्या मोठ्या उद्देशांपैकी एक गोष्ट आहे. शेजारणीला हाक मारा, मुलाला सोबत घ्या, पण निघा. भावांनीही घरात हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्या क्षणी तिला संकोच होणार नाही.

कायदा आहे, आणि आपले वागणेही आहे

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येते. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याप्रमाणे पहिल्या वेळी 1,000 रुपये दंड आहे. मुंबईत या प्रश्नावर डॉ. यशवंत ओक यांनी 1985 पासून न्यायालयात पाठपुरावा केला. 2003 मध्ये त्यांच्यासोबत शांतता क्षेत्रांसाठी याचिका करणाऱ्यांत सुमैरा अब्दुलअली होत्या. पुढे ‘आवाज फाउंडेशन’च्या माध्यमातून हातात आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन त्या रस्तोरस्ती फिरल्या. आपल्या मुलींना सांगावे असे हे काम आहे. 2020 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांचा एक प्रयोग गाजला: हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागायचा. हिंदमाता, पेडर रोड, सीएसएमटी या ठिकाणी तो झाला. जास्त वाजवाल तर जास्त थांबाल, एवढा साधा धडा.

आवाजाची चर्चा निघाली की आपल्या शहरात ती भोंग्यावर येऊन थांबते, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यात अनेकदा राजकारणच जास्त असते. नियम सर्वांना सारखे आहेत, ते आपणही पाळायचे. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की गणेशोत्सवात मोठ्या आवाजाने अपाय होत असेल तर ईदच्या जुलूसमध्येही तो होतोच. हे म्हणणे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. पण सण वर्षातून काही दिवस असतात. रस्ता तीनशे पासष्ट दिवस आणि रात्रभर वाजतो, त्याविरुद्ध मात्र मोर्चा निघत नाही, कारण त्यात हॉर्न वाजवणारे आपण सगळेच असतो.

सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला ज्या नसीहती करतात, त्यांत चालण्यातला संयम आणि आवाज खाली ठेवणे या दोन्ही एकत्र येतात. चालणे आणि आवाज: आजच्या भाषेत सांगायचे तर वाहन आणि हॉर्न. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यावर बसणाऱ्या साथीदारांना रस्त्याचा हक्क देण्यास सांगितले, आणि कोणाला त्रास न देणे हा त्या हक्कांपैकी एक होता. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे त्यांनी ईमानच्या शाखांत गणले. दगड-काटा बाजूला करणे आपण पुण्य मानतो. मग रात्री एक वाजता इमारतीखाली उभे राहून बायकोला खाली बोलावण्यासाठी वाजवलेला हॉर्न कोणत्या खात्यात जमा होतो?

रमजानच्या रात्री मिनारा मशिदीजवळ सारे शहर खायला येते. आनंदाची गोष्ट आहे, रोजगाराचीही आहे. पण वरच्या मजल्यावर तरावीह आटोपून, सहेरीसाठी दोन तासांनी उठायचे म्हणून एखादी आजारी बहीण डोळे मिटून पडलेली असते. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवरून गल्लीत चकरा मारणारी मुले बहुतेक वेळा आपलीच असतात. त्यांना थांबवणे पोलिसांच्या आधी आपले काम आहे.

घरात काय करता येईल?

घर बदलणे फार थोड्यांना शक्य असते. म्हणून जे आज करता येते ते लिहितो.

1. झोपण्याची जागा रस्त्यापासून शक्य तितकी आत घ्या. दोन खोल्या असतील तर रस्त्याकडची खोली दिवसाच्या कामांसाठी आणि मागची झोपण्यासाठी ठेवा. घरातल्या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला ती शांत जागा आधी मिळावी. एकच खोली असेल तर निदान उशी खिडकीपासून दूरच्या भिंतीकडे करा.

2. गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद आणि मागची उघडी ठेवा. जाड पडद्याने आवाज थोडाच कमी होतो, खिडकीच्या फटी रबरी पट्टीने बुजवल्या तर जास्त फरक पडतो. मात्र गॅस पेटलेला असताना घर पूर्ण बंद ठेवू नका.

3. घरातला धूर वाढवू नका. लोबान, अगरबत्ती, मच्छर कॉइल यांच्या धुरातही तेच बारीक कण असतात. जुमेरातला लोबान जाळायचाच असेल तर थोडा, आणि खिडकी उघडी ठेवून. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णासमोर नको.

4. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या झाडूने रस्त्यावरची बारीक धूळ पुन्हा हवेत उडते.

5. चालायला मुख्य रस्त्यावर जाऊ नका. आतली गल्ली, राणीची बाग, शिवाजी पार्क किंवा गिरगाव चौपाटी बरी. थंडीच्या दिवसांत पहाटे धुरके खाली साचते, तेव्हा ऊन आल्यावर निघावे. दुपट्टा किंवा नकाबने धूळ अडते, हे बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन 95 मास्क लागतो, तो नकाबच्या आत लावता येतो.

6. पस्तिशीनंतर प्रत्येक बहिणीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासावी. आधी पाच मिनिटे शांत बसून मगच रक्तदाब मोजावा. तो 140/90 किंवा जास्त येत राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नयेत. आणि डॉक्टरांना हेही सांगावे: आमचे घर मोठ्या रस्त्याला लागून आहे, रात्री झोप लागत नाही. ही माहिती त्यांच्या कामाची आहे.

मोहल्ल्याने काय करावे?

मशिदीच्या कमिटीने जुम्याच्या दिवशी दोन मिनिटे या विषयाला द्यावीत. मदरसा आणि शाळेबाहेर मुलांना घ्यायला येणाऱ्यांनी इंजिन बंद करून उभे राहावे. दुकानदारांनी माल उतरवणाऱ्या टेम्पोंना रात्री हॉर्न न वाजवण्याची अट घालावी. ज्या पुलांवर घरांसमोर आवाज अडवणारे पडदे नाहीत, तिथे ते लावण्याची लेखी मागणी रहिवाशांनी नगरसेवक आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे करावी. त्या अर्जावर खिडकीशी राहणाऱ्या स्त्रियांच्या सह्या आधी असाव्यात. लालबागच्या चाळीतली आणि भेंडी बाजारातली बाई यांचा त्रास एकच आहे. अर्जही एकत्र गेला तर त्याचे वजन वाढेल.

ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी (स.) किती कडक शब्द वापरले आहेत, हे आपण सारे जाणतो. शहरात शेजारी फक्त भिंतीपलीकडचा नसतो. आपली गाडी ज्या ज्या खिडकीखालून जाते, तिथे राहणारी प्रत्येक बाई आपली शेजारीण आहे. तिच्या झोपेचा आणि तिच्या हृदयाचा आपल्यावर हक्क आहे. तो ओळखण्याची आणि अदा करण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.